डाव्या बाजूचा रंग

तुमच्या फोटोवर माझा संशय आहे, अण्णा. तेराव्याला हॉलमध्ये हार घालून ठेवला होता, तो. त्यात तुम्ही काळा कोट घातलाय आणि वर निळा टाय. स्टुडिओवाले हल्ली कॉम्प्युटरवर कुणालाही कोट चढवतात, हे मला ठाऊक आहे. पण अकरा वर्षांत मी तुम्हाला कोटात एकदाही पाहिलं नाही. बाह्या दुमडलेला खाकी शर्ट आणि खिशात टायरची हवा मोजायची नळी, हा तुमचा पोशाख. लोक फोटोला नमस्कार करत होते आणि मी मान कोटाला कुठे जोडलीय ते शोधत होते. सापडलं. कानाखाली कॉलर जरा वर आलीय.

हसाल तुम्ही. हसा. आपल्यात बोलायला सुरुवात नेहमी तुम्हीच करायचात. भांडण असो, रुसवा असो, दोन दिवसांनी जिन्याखालून तुमचीच हाक यायची. या वेळी मी करते.

संशय माझ्या रक्तात आहे, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. निपाणीहून नोकरीसाठी आले आणि चामराजपेटेतल्या तुमच्या घराची वरची खोली बघायला तुमच्या दारात उभी राहिले. आधी नळ सोडून पाहिला. मग भिंतीला तळवा लावून ओल पाहिली. मग विचारलं, मागच्या भाडेकरूने खोली का सोडली? तुम्ही तुमच्या बायकोकडे, अक्कांकडे, वळून म्हणालात, ‘ही खोली बघाय आलीय की धाड घालाय?’ आणि लगेच, ‘सरी, राहू दे हिला. घराला एक पोलीस पायजेच.’

माझ्या बाबांचं हायवेला पंक्चरचं दुकान होतं. गाडीवाला थांबला की आधी त्याच्याकडे नीट बघायचं, मग चाकाकडे, ही त्यांची शिकवण. पुढे होसकोट्याच्या कारखान्यात नोकरी लागली तीही तपासणीचीच. रंग देऊन आलेले पत्रे मशीनने मोजायचे, थर जाड की पातळ ते बघायचं, आणि खोट निघाली की परत पाठवायचं. दिवसभर खोट शोधायचा पगार मिळतो मला. घरी आल्यावर ती सवय चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही.

आणि तुम्ही अगदी उलटे. तुमचं घराणं तीन-चारशे वर्षं या गावात आहे म्हणायचात. मी पुरावा विचारला तर, ‘मीच की पुरावा!’ चाळीस वर्षं गॅरेज चालवलंत, गुडघे गेले तेव्हा बंद केलंत, पण जुनी गाडी घ्यायची म्हटलं की अर्धी पेठ तुम्हालाच बरोबर न्यायची. माणसांवर तुमचा डोळे झाकून विश्वास. गाड्यांवर मात्र काडीचा नाही. त्या एका मुद्द्यावर आपलं जमलं.

सर्जापूर रोडला फ्लॅट घेऊन मी वर्षभरापूर्वी तिकडे राहायला गेले, आणि मग माझ्या मनातलं खूळ तुम्हाला सांगितलं. मला दोन दारांची, बसकी, हाताने गिअर टाकायची स्पोर्ट्स कार हवी होती. जुनी, परवडेल अशी. आणि रविवारी फिरवायला नाही, रोज कामावर जायला. लहानपणी दुकानाच्या बाकड्यावर बसून हायवेवरून जाणारी तसली एक निळी गाडी पाहिली होती, बाई चालवत होती, तेवढंच कारण. ऑफिसात सगळे उंच उंच गाड्या घेत होते, त्यांनी मला वेड्यात काढलं. आई फोनवर म्हणाली, ‘दोनच दारं? मागं कोण बसायचं मग?’ तुम्ही फक्त एक विचारलंत.

‘रोज चालवणार?’

‘रोज.’

‘मग बघू. उभी राहिलेली गाडी कुजती. रोज चालली तर टिकती.’

त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. दर शनिवारी सकाळी आपण दोघं संशय घ्यायला बाहेर पडायचो. तुमचे नियम मला अजून पाठ आहेत. विकणाऱ्याशी बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर त्याने आपण यायच्या आधीच इंजिन सुरू करून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिन काहीतरी बोलतं जे त्याला आपल्याला ऐकू द्यायचं नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, शेवटच्या वितीवर चिखलाची रेघ दिसली तर ती गाडी पुरात बुडलेली. सर्जापूर रोडच्या एका बेसमेंटमध्ये तशी रेघ सापडली तेव्हा तुम्ही त्या माणसाला किती गोड बोललात! ‘गाडी सुंदर हाय सर, पण आमाला पोहायला येत नाय.’

आणि सगळ्यात मोठा नियम डाव्या बाजूचा. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो, त्यामुळे त्याचं जे काही चुकतं ते डावीकडे उमटतं. खांब, फूटपाथ, रिक्षा, सगळं डावीकडे. ‘गाडी कशी हाय ते इंजिन सांगतं,’ तुम्ही म्हणायचात, ‘पण डायव्हर कसा हाय ते डावी बाजू सांगती. आणि डावी बाजू फार गुळगुळीत दिसली तर जास्त घाबरायचं.’

देवनहळ्ळीची गाडी बघायला गेलो तो दिवस आठवतो? विमानतळाच्या अलीकडे नवा लेआउट, अर्धे प्लॉट रिकामे, त्यातल्या एका घरात निवृत्त दातांचे डॉक्टर. गाडी कापडाखाली झाकलेली. कापड काढलं. निळी. बॉनेटवर हात ठेवायचंसुद्धा मी विसरले, तुम्ही ठेवलात. थंड होतं. डॉक्टर तुमच्या गॅरेजचे जुने गिऱ्हाईक निघाले, तुम्ही दोघं कानडीत हसत बसलात, आणि तिथे माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. रंग मोजायचं मशीन त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं, गेटपासशिवाय ते कारखान्याबाहेर आणता येत नाही. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी मशीन घेऊन परत येऊ. तुम्ही उजव्या हाताची बोटं उलटी करून दोन्ही बाजूंच्या पत्र्यावरून सावकाश फिरवलीत, मांजराच्या पाठीवरून फिरवावीत तशी.

‘मूळ रंग हाय. मशीन कशाला? माझा हात पुरे.’

आणि मी, वैशाली, नळ सोडून पाहणारी, मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातावर विश्वास ठेवला.

कागद झाले. आठवडाभर कारखान्यात माझी शिफ्ट होती, म्हणून गाडी तुम्हीच देवनहळ्ळीहून आणलीत आणि चार दिवस तुमच्याकडे ठेवलीत. आयुधपूजेच्या सकाळी मी न्यायला आले तेव्हा गाडीला झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, चाकांखाली लिंबं. गाडी नुसती लखलखत होती. बॉनेटवर तुम्ही गंधाचे तीन पट्टे ओढले होते, पण ते मधोमध नव्हते, तुमच्या उजव्या हाताकडे पार सरकले होते.

‘अण्णा, गंध वाकडं झालंय.’

‘गंध सरळच हाय. गाडी वाकडी उभी हाय.’

अक्का तेव्हा हसल्या नाहीत. ते माझ्या लक्षात आलं होतं. माझ्या सगळं लक्षात येतं, अण्णा, फक्त त्याचा अर्थ चुकतो.

त्याच दिवशी तुम्ही मला हंप, म्हणजे स्पीडब्रेकर, घ्यायला शिकवलात. बसकी गाडी हंपावरून सरळ न्यायची नाही, पोट घासतं. तिरकी घ्यायची, एकेक चाक, म्हाताऱ्याने पायरी चढावी तशी. तुम्ही शेजारी बसून सांगत होतात, स्वतः चालवून दाखवा म्हटलं तर, ‘बेडा, नको, तुझी गाडी, तूच चालव.’ मला वाटलं, मान देताय. आजही सर्जापूर रोडवरून होसकोट्यापर्यंत प्रत्येक हंप मी तसाच घेते आणि मागचे लोक हॉर्न वाजवून माझा उद्धार करतात.

मग महिन्याभराने एका बाहेरच्या कामासाठी मशीन गेटपास घेऊन आणलं होतं. बेसमेंटमध्ये गाडी उभी होती. आता मोजायची काही गरज नव्हती, गाडी माझी झाली होती, चांगली चालत होती. पण हात वळवळला. छत, बॉनेट, उजवी बाजू, सगळीकडे आकडा शंभराच्या आसपास. डाव्या दारावर तीनशे. दाराच्या मागच्या पत्र्यावर त्याहून जास्त. मी पुसून पुसून दहा वेळा मोजलं. डावी बाजू नव्याने रंगवलेली होती, पोचा बुजवायला खाली लांबीसुद्धा भरली होती.

तुमचा हात खोटं बोलला होता, किंवा तुम्ही. चाळीस वर्षं पत्रा हाताळलेला हात चुकत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मग एकच उरलं. डॉक्टर तुमचा जुना गिऱ्हाईक. कानडीतलं हसणं. लखलखीत पॉलिश. सरकलेलं गंध. अक्कांचा चेहरा. एकदा संशयाचं भूत मानेवर बसलं की जे दिसेल ते पुरावाच वाटतं.

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊनच तुमच्याकडे आले. टेबलावर ठेवलं. अक्कांनी चहा आणला.

‘अण्णा, डावी बाजू रंगवलेली आहे.’

तुम्ही मशीनकडे पाहिलंत. ‘हां. स्वल्प रंग लावलाय. गाडी चांगली हाय, वैशू.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘होतं.’

‘मग मला का सांगितलं नाही?’

तुम्ही अंगठ्याने मशीनची कड पुसलीत. आणि मी तो प्रश्न विचारला, जो मी परत घेऊ शकत नाही. ‘त्या डॉक्टरसाठी मला फसवलंत का?’

मला वाटलं होतं, तुम्ही ओरडाल. मला ओरडा हवाच होता. पण तुमचा चेहरा नुसता सैल पडला. आणि मी शपथेवर सांगते, मला त्यात सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं. ‘आयतु,’ म्हणालात, ‘बरं, तसं समज.’ तुमच्या डाव्या कोपराशी ठेवलेला चहा तसाच निवून गेला. रागाने शिवला नाहीत, असं मी धरून चालले. अक्का दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी मशीन उचललं आणि निघाले.

सात महिने. जिना नव्हता, त्यामुळे जिन्याखालून हाकही नव्हती. फोन होता, पण तुम्ही केला नाहीत, आणि गुन्हेगाराने आधी बोलावं असा माझा कायदा. रोज त्याच गाडीतून जात होते. एक सांगते, गाडीत तेवढ्या महिन्यांत एक खिळा वाजला नाही. प्रत्येक सकाळी ती पहिल्या झटक्यात सुरू व्हायची आणि मला तिचाच राग यायचा. फसवलेली गाडी निदान बंद तरी पडायला हवी होती.

मग अक्कांचा फोन आला. तुम्ही न्हाणीघरात पडलात, दवाखान्यात ठेवलंय, ये. मी चिकू घेऊन आले. तुम्हाला ते आवडतात म्हणून नव्हे, रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. दोन खाटांची खोली होती. अक्का खाली औषधांच्या रांगेत. शेजारच्या खाटेवरचा माणूस फोनवर मोठ्याने बातम्या ऐकत होता. तुमच्या खाटेला एकच खुर्ची होती, खिडकीच्या बाजूला. मी तिच्यावर बसले.

तुम्ही जागे होतात. उजवीकडे, भिंतीकडे बघत होतात. मान वळवली नाहीत. मी वाट पाहिली. माझ्या मनात होतं, आता ‘काय पोलीस?’ म्हणाल आणि मी विरघळेन. तुम्ही भिंतीकडेच बघत राहिलात. वीस मिनिटं झाली. मग मला वाटलं, ठीक आहे, एवढा राग असेल तर असू दे. चिकूची पिशवी ठेवली आणि तुमच्या खाटेच्या पायाकडून न जाता शेजारच्या खाटेला वळसा घालून निघून आले. तुमच्यासमोरून जायचं नव्हतं मला. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

तेराव्याला त्या कोटातल्या फोटोपुढे मला बसवेना. बाहेर आले. गाडी तुमच्या फाटकासमोर लावली होती. तुम्ही पंचेचाळीस वर्षं गाड्या ज्या फाटकातून आत घातल्यात, त्याच्या डाव्या खांबाला सिमेंटचं एक ठिगळ दिसलं. ठिगळ नवं, खांब जुना. सवयच ती, वाकले. ठिगळाच्या कडेला, जिथे थापी पोचली नव्हती, तिथे निळा रंग होता. मी खांबापाशी उभी राहून मांडीवर हात ठेवून उंची धरली, तशीच चालत गाडीपाशी गेले आणि हात डाव्या दाराला लावला. बरोबर बसला.

अक्का मागे येऊन उभ्या होत्या.

‘देवनहळ्ळीपासून एक ओरखडा नाय,’ त्या म्हणाल्या. ‘सगळ्या ट्रॅफिकमधून आणली. आणि आपल्याच फाटकात घातली बघ. खांब दिसलाच नाय म्हणाले. उतरून दोन तास पायरीवर बसलेते.’

जुन्या गॅरेजवाल्याकडे नेऊन तीन दिवस समोर बसून तुम्ही ती बाजू रंगवून घेतलीत. त्या दिवसानंतर स्टिअरिंगला हात लावला नाहीत. नवा चष्मा केलात, दोन महिन्यांनी आणखी एक. डोळ्यांचं असेल म्हणून गप्प बसलात. गाठ मेंदूत आहे आणि तिच्यामुळे डावीकडचं दिसेनासं झालंय, हे तुम्ही पडल्यावर डॉक्टरांनी सांगितलं.

‘मला का नाही सांगितलं?’ मी अक्कांना विचारलं. तोच प्रश्न, पुन्हा.

‘शपथ घातलेली गं. म्हणाले, वैशूला कळलं तर ती तपासणी लावील, डाक्टरकडं ओढील, किल्ल्या काढून घील. तू त्यांना चोर म्हणालीस त्या राती... नको ते. मला म्हणाले, चोर म्हणू दे. डायव्हिंग येत नाय म्हणण्यापरीस बरं.’

अण्णा, तुमच्यावर मला इतका राग आला की मी त्या खांबाला लाथ मारली. तुमच्या तेराव्याच्या दिवशी, लोकांसमोर. तपासणीच लावली असती मी! डॉक्टरकडे ओढूनच नेलं असतं, सात महिने आधी! तुम्हाला पोलीस हवा होता ना घरात? मग पोलिसापासून का लपवलंत? पण हे ओरडताना मला माहीत होतं की डावी बाजू बघायला तुम्हीच मला शिकवलं होतं. सगळं तिथे समोर होतं. सरकलेलं गंध, निवलेला चहा, ‘बेडा, तूच चालव’. मी एकूण एक खूण टिपली होती आणि सगळ्या खुणा तुमच्या विरुद्ध लावल्या. डायव्हर कसा आहे ते डावी बाजू सांगते म्हणालात. तिने सांगितलं होतं. मी गाडीबद्दल ऐकलं.

गाडी विकणार नाही. ती तुम्ही पारखलेली आहे, आणि तुमची पारख खरी होती. त्या दिवशी देवनहळ्ळीत तो रंग मूळचाच होता. परवा अक्कांना तिच्यातून डोळ्यांच्या तपासणीला नेलं. सक्तीनेच नेलं. त्या डाव्या सीटवर बसून, बसकी गाडी म्हणून कुरकुरत, हंप आला की दार धरत होत्या. परत येताना मध्येच म्हणाल्या की त्या संध्याकाळी दवाखान्यात तुम्ही विचारलं होतंत, ‘वैशू आली नाय का अजून?’

‘मी म्हटलं, आलती की, चिकू ठेवून गेली. तर म्हणतात, मग बोलली कशी नाय?’

अक्कांनी हे माझ्या समाधानासाठी रचलं असेल, असा संशय मला आला. येणारच. पण समाधानासाठी कुणी असं रचत नाही. आणि हे मोजायला माझ्याकडे मशीन नाही, खांब नाही, काही नाही. त्यामुळे खरं धरते.

मी आले होते, अण्णा. वीस मिनिटं तुमच्या डाव्या हाताला बसले होते. एकदा नुसती हाक मारली असती, तर तुम्ही मान वळवली असती.